आरशातलं ऊन

धक्का अगदी लहान होता. चाक नारळाच्या करवंटीवरून जावं, तेवढाच. एतुआलेच्या बुडाखालची सीट किंचित वर आली, पुन्हा खाली बसली, आणि तो जिथे होता तिथून परत यायला त्याला दोन-तीन क्षण लागले. तो होता भर समुद्रात. दोन बेटांमधली बोट एका अंगावर कलली होती, माणसं रडत होती, पाद्रीबुवासुद्धा रडत होते, आणि एतुआले एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन पोहत होता. म्हातारीचे हात त्याच्या गळ्याभोवती घट्ट होते. आपियाच्या बंदरावर ही गर्दी लोटलेली. वाळूला पाय लागले तेव्हा म्हातारीने त्याच्या गालावर थोपटलं आणि विचारलं, "कुणाचा रे तू?" त्यावर गर्दीतून त्याचे सासरे फुइआवा पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचा." नेमका त्याच शब्दाला एतुआले भाजीबाजारामागच्या गल्लीत गाडी मागे घेत होता.

मग किंकाळी ऐकू आली. पण ती शेजारी पपया विकणाऱ्या बाईची होती. एतुआले खाली उतरला. मागच्या चाकाशी एक म्हातारी कुशीवर पडली होती. चटया विणायच्या केवड्याच्या पट्ट्यांची गुंडाळी तिच्या मांडीवरून घरंगळत गाडीमागे गेली आणि ती उचलायला ती वाकली, हे त्याला नंतर कळलं. तिचा उजवा हात मनगटापासून पुढे हातासारखा दिसत नव्हता. ती ओरडत नव्हती. ती एतुआलेच्या तोंडाकडे बघत होती. स्वतःच्या हाताकडे नाही, चाकाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे, आणि तिच्या कपाळाला कोड्यात पडलेल्या माणसासारखी बारीक आठी होती. ती तशी का बघते आहे हे त्याला तेव्हा उमगलं नाही. दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या बसल्या त्याचा हात आपोआप स्वतःच्या गालांकडे गेला आणि त्याला ते उमगलं. तो हसत होता. गाडीतून उतरला तेव्हाही हसत होता. हसू चढायला क्षण लागत नाही, उतरायला मात्र त्याचा त्याला वेळ लागतो.

"आरशात ऊन आलं," तो म्हणाला. पहिल्यांदा पपईवालीला म्हणाला, मग पोलिसाला, मग धावत आलेल्या मालियाला, आपल्या बायकोला. खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर आलं, जसं कचेरीत "लिहून घेतलंय" बाहेर येतं. आणि ते पुरतं खोटंही नव्हतं. ऊन होतं, आरसा होता. बघणारा तेवढा जागेवर नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याचा मेहुणा सेतेफानो हेच शेजाऱ्यांना हातवारे करून सांगायला लागला होता, की त्या गल्लीत सकाळी सूर्य कसा बरोब्बर डोळ्यांत येतो, आपण स्वतः एकदा तिथे कसे थोडक्यात वाचलो. खोट्याला घर मिळालं की ते घरच्यांसारखंच वागायला लागतं. एतुआले ऐकत राहिला.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीपाशी बसायचा, एकोणीस वर्षं. समोर वही, वहीत तीन रकाने, नाव, गाव आणि तक्रार. तक्रार एकच असायची, पाणी येत नाही. लोक यायचे, शिव्या द्यायचे, तो मान हलवायचा, "लिहून घेतलंय" म्हणायचा. लिहिलेल्याचं पुढे काय होतं हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. एकदा डोंगराकडच्या गावातली एक बाई काचेवर तळहात आपटून म्हणाली होती, "तुझ्या वहीतलं पाणी पिऊ का आम्ही?" त्या दिवशी तो घरी पायी गेला होता, कारण वाटेत त्याला त्या गावापर्यंत एकट्याने नळ टाकायचा होता. खांद्यावर लोखंडी नळ घेऊन, पावसात, दरड कोसळत असताना. घराच्या पायरीशी पोचला तेव्हा गावात पाणी आलं होतं आणि त्या बाईने त्याचे दोन्ही हात धरले होते. मग मालियाने आतून विचारलं, "पाव आणलास का?" आणि त्याने आणला नव्हता.

त्यातून तो घरजावई. बायकोच्या घरी राहणाऱ्या पुरुषाने काय करायचं हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी उठून त्याने जमिनीतल्या भट्टीचे दगड तापवायचे, नारळ खवायचे, अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधायचं, मग देवळातून आलेल्यांना वाढायचं आणि शेवटी उरलेलं खायचं. चार प्रमुख माणसं जमली आणि आवाचा, मुळ्या कुटून केलेल्या मानाच्या पेयाचा, वाडगा फिरला, की ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याच्यापर्यंत तो वाडगा नेऊन द्यायचा. तेवीस वर्षांत त्याने हजार नावांचे वाडगे पोचवले असतील. त्याचं नाव कधी पुकारलं गेलं नाही, आणि तशी रीतही नव्हती, त्यात कुणाची चूक काढता येत नव्हती. सेतेफानो त्याला "जावईबापू" म्हणायचा. "जावईबापू, दगड तापले का? का तुमच्याच डोक्यात भट्टी लावलीय?" सगळे हसायचे. एतुआलेही हसायचा. मालिया हसायची नाही, पण काही बोलायचीही नाही, कारण घर तिचं होतं आणि भाऊ तिचा होता.

हे मनातले मांडे तो कधीपासून खायला लागला? त्याला वाटायचं, नऊ वर्षांचा असल्यापासून. पलीकडच्या बेटावर, त्याच्या गावी, प्रवाळाच्या कडेला जिथे पाणी आत-बाहेर करतं, तिथे त्याचा धाकटा भाऊ ओढला गेला होता. एतुआले खडकावर उभा होता. पोहायला त्याला उत्तम येत होतं, भावापेक्षा चांगलं. पण पाय निघेना. भावाचं डोकं वर आलं, खाली गेलं, आणि तो बघत राहिला, पायाची बोटं खडकात रुतवून. शेवटी गावातला एक दारूडा, ज्याला कुणी दारात उभं करत नसे, त्याने उडी मारली आणि पोराला बाहेर काढलं. त्याला एक डुक्कर मिळालं आणि देवळात त्याचं नाव घेतलं गेलं. एतुआलेला कुणी बोललं नाही. नऊ वर्षांच्या पोराला काय बोलायचं? भाऊ आता दूर थंड देशात कारखान्यात कामाला आहे, त्याला ते आठवतही नाही. पण एतुआले तेव्हापासून उडी मारतोच आहे. रोज, कचेरीत, बसमध्ये, जेवताना, उडी मारतो आणि कुणाला तरी बाहेर काढतो.

आणि आता तेही नीट होईना. शनिवारच्या त्या अपघातानंतर चार दिवस झाले, बोट बुडायची, पाद्रीबुवा रडायचे, तो पाण्यात शिरायचा, म्हातारीला पाठीवर घ्यायचा, आणि म्हातारीला त्याचा गळा धरता यायचा नाही. डाव्या हाताने ती धरून बघायची, मग घसरायची. तो तिला पुन्हा वर घ्यायचा. किनारा तिथेच, गर्दी तिथेच, पण तिथवर पोचता यायचं नाही. कचेरीत एका माणसाने तीनदा गावाचं नाव सांगितलं तरी त्याच्या हातून ते लिहिलं गेलं नाही. माणूस आपल्या घरातून हाकलला गेला तर मनात तरी जातो. मनातूनही हाकलल्यावर कुठे जायचं, हे एतुआलेला कळत नव्हतं आणि विचारण्यासारखं कुणी नव्हतं.

म्हातारीचं नाव लुसीआ. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या गावची, तिथली पहिल्या नंबरची विणकरीण. तिच्या हातची तलम चटई म्हणजे लग्नात, मयतात, नवा प्रमुख बसवताना उलगडली की बायका उठून जवळ येऊन बघत. एक चटई गेली दोन वर्षं तिच्या घरात जमिनीवर अर्धी विणलेली पसरलेली होती. तीन बोटं गेली, मनगटात खिळे घातले. आता ती विणणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं. हे सगळं मालियाने आणलं. ती केळी घेऊन इस्पितळात गेली होती. लुसीआच्या पुतण्याने तिला दारातच अडवलं आणि केळ्यांची फणी तिच्या पायाशी ठेवून दिली.

"फेकली नाही रे," मालिया म्हणाली. "नीट ठेवली. फेकली असती तर बरं वाटलं असतं."

बुधवारी संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर फुइआवांनी घरातल्यांना बसवून घेतलं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, साखरेचा आजार, डाव्या पायाचा अंगठा काढलेला, गुडघे मुडपताना तोंडातल्या तोंडात विव्हळायचे. पोलिसांचं जे व्हायचं ते होईल, ते निराळं, असं ते म्हणाले. आपण वाकायचं. म्हातारीला आज घरी सोडलंय. उद्या पहाटे. आमच्याकडे याला इफोगा म्हणतात. चूक करणाऱ्याच्या घराण्याचा प्रमुख दुखावलेल्यांच्या अंगणात तलम चटई डोक्यावरून पांघरून बसतो, आणि समोरच्यांनी ती चटई उचलेपर्यंत बसून राहतो. नाही उचलली तर तसंच परतायचं, मग पिढ्यान्‌पिढ्या मान वर होत नाही. चिडून कुणी दगड घातला तरी हात उचलायचा नाही.

एतुआलेने चार दिवस हेच तर योजलं होतं. तो बोलणार होता, "फुइआवा, चटईखाली मी बसतो. केलं मी, सोसतो मी." त्याने ते बसमध्ये म्हणून बघितलं होतं, न्हाणीत म्हणून बघितलं होतं. पुढचंही सगळं ठरलं होतं. दगड कपाळाला लागणार, रक्त चटईवर उतरणार, तो हलणार नाही, आणि शेवटी समोरचेच लोक रडत येऊन त्याला उठवणार. आता घर शांत होतं, दिवा मध्ये होता, आणि सगळे फुइआवांकडे बघत होते.

"फुइआवा," तो म्हणाला, "मी..."

"भूक लागली का, जावईबापू?" सेतेफानो म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. फुइआवांनी मुलाकडे डोळे वटारून बघितलं आणि मग जावयाकडे वळले. "काय म्हणत होतास?"

"काही नाही. जळण मी आणतो म्हणत होतो. आणि दगड."

"ते तर तू आणशीलच," फुइआवा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि एतुआलेला तेच सोसलं नाही.

निजायला चटया टाकताना मालियाने त्याच्याकडे न बघता विचारलं, "एक विचारू? खरंच ऊन होतं?"

"होतं."

"बरं." तिने उशी झटकली. "तू कधीकधी जेवताना हसतोस. एकटाच. मी कधी विचारत नाही, पण बघते."

त्याला वाटलं, आत्ता हिला सांगावं. सांगायचं काय पण? की मी अमक्या बोटीवर होतो, म्हातारीला वाचवत होतो? म्हातारीला वाचवता वाचवता म्हातारीचा हात चिरडला, हे बायकोला सांगायचं कसं? एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने? मालियाने थोडा वेळ वाट बघितली आणि मग पाठ फिरवली.

पहाटे निघाले. गाडी तीच, सेतेफानो चालवत होता, पुढे फुइआवा. मागे फळीवर मालिया, तिच्या दोन आत्या, आणि जळणाच्या मोळीला व दगडांना धरून एतुआले. जळण आणि दगड नेतात ते एवढ्यासाठी, की आम्ही आलो आहोत, हवं तर आम्हाला भाजून खा. जुनी रीत. दगड त्याच्याच भट्टीचे होते, तेवीस वर्षांच्या रविवारांनी काळे झालेले. कुठला दगड लवकर तापतो आणि कुठला तडकतो हे त्याला हाताला कळत होतं. डाव्या बाजूला समुद्र राखाडी होता. त्याने सवयीने बोट बुडवून बघितली, पण ती बुडेना. आत्याबाई भजन पुटपुटत होत्या आणि वळणावर दगड एकमेकांवर आपटत होते.

लुसीआचं घर बिनभिंतीचं, खांबांचं, रस्त्याला लागून. आत माणसं उठलेली दिसत होती, पण कुणी बाहेर बघितलं नाही. आलेल्यांकडे न बघणं ही त्यांचीही रीतच. फुइआवा अंगणात वाळूखड्यांवर बसले. गुडघे मुडपताना त्यांनी सेतेफानोचा खांदा धरला आणि विव्हळले नाहीत. मग सेतेफानोने चटई उलगडून त्यांच्या डोक्यावरून सोडली, आणि एवढा मोठा माणूस, ज्याच्या खाकरण्याने घर गप्प व्हायचं, तो एक उंचवटा होऊन गेला. जळण आणि दगड एतुआलेने त्यांच्या पुढ्यात मांडले आणि तो मागे येऊन मालियाच्या शेजारी मान खाली घालून बसला.

ऊन आलं. आधी माडांच्या शेंड्यांवर, मग पत्र्यावर, मग चटईवर. घरातून कोकोचा वास आला, भांडी वाजली, कुणीतरी पोराला दटावलं. तिथे दिवस नेहमीसारखा चालू झाला होता. एतुआले चटईकडे बघत होता. तासाभराने चटई हलायला लागली. हलणं बारीकसं, श्वासासारखं, मग तसं नाही, थरथरल्यासारखं. गुडघे. साखर. सकाळची गोळी घेतली होती का त्यांनी? खाऊन निघाले होते का? रोज त्यांचा नाश्ता एतुआलेच नेऊन द्यायचा, आणि आज सगळ्यांच्या गडबडीत त्याने दगड आठवणीने घेतले, नाश्ता विसरला. आता उठावं. उठून सरळ पुढे जावं, चटईची कड वर करावी, आत शिरून म्हणावं, फुइआवा, आता तुम्ही मागे जा. साधी गोष्ट होती. बारा-पंधरा पावलं. त्याने ती मनात चालून बघितली, एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी चटईखालचा अंधार त्याला दिसायचा आणि म्हाताऱ्याचा हात त्याच्या हातात यायचा. आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा मालियाशेजारी बसलेला असायचा, पायाची बोटं वाळूखड्यांत रुतवून.

एवढ्यात तो पुतण्या बाहेर आला. उघडाबंब, दांडगा, डोळे रडून लाल झालेला. "कोण तो?" तो ओरडला. "गाडीवर कोण होता तुमच्यातला? या पांघरुणाखाली म्हातारा कशाला घातलात? त्याला दाखवा!"

कुणी मान वर केली नाही. पुतण्याने पायाशी पडलेली करवंटी उचलली आणि भिरकावली. ती कुणाला लागण्यासाठी नव्हतीच बहुतेक, अंगणाच्या मध्यावर पडून टणकन उडाली आणि गोल गोल फिरत थांबली. पण ती हवेत होती तेवढ्यात एतुआले खाली वाकून मालियाच्या पाठीमागे गेला होता. त्याने ठरवून केलं नाही, त्याचं अंगच गेलं. तो पुन्हा सरळ बसला तेव्हा सेतेफानो त्याच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच सेतेफानोला काही विनोद सुचला नाही. मालिया समोर बघत होती. तिच्या मानेवर घामाचा एक थेंब होता आणि तो हळूहळू खाली येत होता. एतुआलेला वाटलं, भूमी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण जमीन जिथल्या तिथे होती आणि ऊन वाढत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. चटई एका बाजूला झुकली. सावरली. पुन्हा झुकली. सेतेफानो अर्धा उठला आणि आत्याने त्याचं धोतर ओढून त्याला बसवलं. रीत मोडली तर सगळंच गेलं. एतुआले उठला नाही. अर्धासुद्धा नाही.

मग घरातून एक म्हातारा आवाज आला, खणखणीत. "अरे, उचला की ती चटई! माणूस मरेल तिच्याखाली, मग त्याच्यासाठी मला वाकायला लावाल."

"लुसीआ, तू गप्प बस," एक पुरुष म्हणाला. तो तिचा मोठा भाऊ, त्या घराण्याचा प्रमुख.

"हात माझा गेलाय. गप्प तू बस." मग ती पुन्हा म्हणाली, "आणि ती चटई विणलीय तरी कुणी? कड बघ कशी सैल सुटलीय. असल्या चटईखाली दुपारपर्यंत बसवायचं म्हणजे अन्याय आहे."

घरात कुणीतरी रडता रडता हसलं. आणि मग तिचा भाऊ अंगणात आला, सावकाश, खाली बघत, आणि त्याने दोन्ही हातांनी चटई उचलली. फुइआवांचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्या माणसाने त्यांना काखेत हात घालून उभं केलं, त्यांच्या नाकाला नाक लावलं, आणि दोघेही म्हातारे पोरांसारखे हुंदके देऊन रडले. आत्या रडल्या. सेतेफानो रडला. तो पुतण्यासुद्धा खांबाला कपाळ लावून रडला. एतुआलेचे डोळे कोरडे होते. सुटलो, एवढंच त्याला वाटत होतं, आणि आपल्याला एवढंच वाटावं याची लाज वाटत होती.

आत सगळे खांबांना टेकून बसले. बोलणी सुरू झाली, लांबलचक, देवाचं नाव घेऊन, पूर्वजांची नावं घेऊन. कुणीतरी फुइआवांना गोड कोको आणून दिला आणि त्यांचा रंग परत आला. मग ते बोलले. त्यांनी उन्हाचं नाव काढलं नाही, आरशाचं नाव काढलं नाही. त्यांनी हात लांब करून एतुआलेकडे दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा आमचा आहे. याच्या हातून जे झालं ते आमच्या हातून झालं."

आमचा. तेवीस वर्षं ज्या शब्दासाठी तो बोटी बुडवत आला, तो शब्द इथे, असा आला. एतुआलेने मान आणखी खाली घातली. आनंद झाला असता तर निदान पाप तरी झालं असतं, पण काहीच झालं नाही. शब्द आला आणि अंगावरून निघून गेला.

"ए, इकडे ये," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. तीच म्हातारी होती. कडेच्या खांबाशी बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. तिच्यामागे ती अर्धी चटई जमिनीवर पसरलेली होती, न विणलेल्या पट्ट्या केसांसारख्या सुटलेल्या. एतुआले मांडी न मोडता, सरकत, तिच्याजवळ गेला. मालियाही त्याच्या मागोमाग सरकली.

"माफ करा मला, आई," तो म्हणाला. "आरशात..."

"ते ऐकलंय मी." तिने डावा हात हलवला. "ते तुझ्याजवळच ठेव. माफ केलं म्हणून तर बसलायस इथे. मला एक सांग फक्त. तू हसत का होतास?"

मागे भाषण चालू होतं. एतुआलेला मालियाचा श्वास ऐकू आला.

"पाच दिवस मी हाताचा विचार केला नाही रे," लुसीआ म्हणाली. "देवाशपथ. हात गेला तो गेला, वयही झालं होतं. पण डोळा लागला की तू गाडीतून उतरतोस आणि हसतोस. मी वाकले होते, ते बघून हसलास? माझं लुगडं सुटलं होतं का? मला बघितलंस आणि हसलास का? तेवढं सांग, म्हणजे मी झोपेन."

एवढंच तर हवं होतं तिला. आणि ते त्याच्यापाशी होतं. त्याच्या मालकीचं दुसरं काही नव्हतं, पण हे होतं. म्हणायचं, नाही आई, तुम्हाला बघून नाही, मी तुम्हाला बघितलंच नाही, मी बोटीवर होतो. तो तोंड उघडणार होता. शब्द समोर उभे होते, आणि नेमके कुठून सुरू करावेत ते बघताना ते आपले आपण चालायला लागले. तो सांगत होता, बोटीचं, लाटांचं, पाठीवरच्या म्हातारीचं, आणि सगळं घर भाषण थांबवून ऐकत होतं. लुसीआ आधी चकित झाली, मग तिचे खांदे हलायला लागले, मग ती दात नसलेल्या तोंडाने खळखळून हसली. म्हणाली, अरे वेड्या, म्हणजे तू मलाच वाचवत होतास! आणि तिने प्लास्टर नसलेला, धडधाकट, पाची बोटांचा उजवा हात त्याच्या गालावर ठेवून थोपटलं. फुइआवा उठून उभे राहिले, मालियाने त्याचा हात धरला, आणि कुणीतरी आवाचा वाडगा भरून मोठ्याने नाव पुकारलं.

"हेच," लुसीआ म्हणाली.

तो दचकला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने अजून एक शब्दही काढला नव्हता. गालांना हात लावून बघायची गरज नव्हती, त्याला ते हसू जाणवत होतं, आणि उतरवायला गेला तरी उतरत नव्हतं. मालियाने मान फिरवली.

"अगदी हेच," लुसीआ म्हणाली, आणि उशीवरचा हात तिने हळूच आपल्याकडे ओढून घेतला.